कोंडवाड्यापुढचा फलक

दोन खांब आणि त्यावर एक फलक. यात चुकण्यासारखं आहे काय, असं नेव्हिल क्रॅब्ट्रीला वाटलं, आणि तिथंच त्याचं वर्ष खर्ची पडलं.

नेव्हिल साठाव्या वर्षी एम.ए. करत होता. विषय, वारसा व्यवस्थापन आणि विवेचन. म्हणजे जुन्या वास्तू नीट सांभाळायच्या, आणि बघायला येणाऱ्यांना त्या अशा समजावून सांगायच्या की त्यांना कळलंही पाहिजे आणि जांभईही येता कामा नये. सोळाव्या वर्षी शाळा सोडून त्यानं चौतीस वर्षं पाणीपुरवठा खात्यात रस्ते खणले होते, आणि त्या अनुभवावर विद्यापीठानं त्याला बी.ए.शिवायच आत घेतलं होतं. क्रॅब्ट्री घराण्यात आजवर कुणाच्या अंगाला पदवीचा झगा लागला नव्हता. बायको ग्लेनिस हिनं तर पदवीदान समारंभासाठी हॅट आणूनही ठेवली होती, निळी, पिसाची. ती कपाटावर गोल डब्यात बसलेली असायची, आणि नेव्हिल मोजे काढायला गेला की त्याला डब्यातूनही तिची नजर जाणवायची.

शेवटच्या वर्षाचा प्रकल्प असा होता: गावातली एखादी वास्तू निवडा, तिची माहिती देणारा फलक लावा, आणि तीस लोकांवर त्याचा काय परिणाम होतो ते नोंदवून अहवाल द्या. शब्द दीडशेच्या आत. माणसं तीसच्या खाली नाहीत.

"एकोणतीस चालणार नाहीत?" डॉ. टॅम्सिन रीव्ह म्हणाल्या. त्या त्याच्या मार्गदर्शक, वय बत्तीस, आणि प्रत्येक वाक्य प्रश्न विचारल्यासारखं संपवायची त्यांना सवय. "तीस नसले तर नापास करावं लागेल?"

"लागेल का?" नेव्हिलनं आशेनं विचारलं.

"लागेल?" त्या म्हणाल्या.

नेव्हिलनं गावातला कोंडवाडा निवडला. यॉर्कशरमध्ये ऑसलबी नावाचं हे गाव, एक चर्च, एक दारूचा गुत्ता, आणि गल्लीच्या टोकाला हा दगडी गोल कोंडवाडा. चुकार गाईगुरं आणून कोंडायची आणि मालकानं दंड भरला की सोडायची. आत आता फक्त खाजकुयलीसारखी चावणारी नेटल्सची झुडपं होती. इतकी निरुपद्रवी, कुणाच्या अध्यात ना मध्यात अशी वास्तू साऱ्या काउंटीत सापडली नसती. शिवाय घरात ऐकलेलं एक होतं, की त्याच्या आजोबांना, म्हणजे एझ्रा क्रॅब्ट्रींना, जनावरांची फार माया. तेव्हा विषयाशी घरोबाही होताच.

सुरुवात त्यानं पॅरिश कौन्सिलच्या, म्हणजे तिथल्या ग्रामपंचायतीच्या, अध्यक्षांपासून केली. मिसेस फॉदरगिल यांच्याकडे गावातल्या सगळ्या किल्ल्या, सगळ्या जुन्या वह्या आणि सगळ्यांबद्दलची मतं होती.

"कोंडवाडा?" त्यांच्या हातातली किटली हवेतच थांबली. "तू? कोंडवाड्यावर?"

"का? काही अडचण आहे का?"

"छे छे! उलट कौतुक वाटतं हो. हिंमत लागते." त्यांनी चहा ओतला आणि पॅरिशच्या वह्यांचा गठ्ठा पुढे ठेवला. "या बघ. एकोणीसशे वीस ते चाळीसच्या तेवढ्या नाहीत. ओलीनं पार खराब झाल्या."

"अरेरे."

"चालायचंच. आणि नेव्हिल, जाताना फाटक लाव हं."

हे फाटकाचं एक ऑसलबीत होतंच. नेव्हिलला कळायला लागल्यापासून गावात जो भेटेल तो शेवटी हेच सांगायचा. शाळेत बाईंनी सांगितलं, पाद्र्यांनी तर लग्न लावून झाल्यावर चर्चच्या पायरीवर सांगितलं. खाटिकाच्या दुकानाला फाटक नव्हतं, तरी तो सांगायचा. खेड्यातली रीत, असं नेव्हिल समजून चालला होता.

"पस्तीस वर्षं झाली मला या गावात," ग्लेनिस एकदा म्हणाली होती, "मला कुणी एकदाही फाटक लाव म्हणालं नाही."

"तू तिकडं हल बंदरातली. शहरातल्या माणसाला कोण सांगणार?"

"आणि तू खरंच लावत नाहीस. मी लावते मागून येऊन."

नेव्हिलनं हे उत्तर देण्याच्या लायकीचं मानलं नाही.

आता, आजकाल वारशाचं काम म्हटलं की गावाला विचारल्याशिवाय पाऊल टाकता येत नाही. त्यानं सभागृहात चहा आणि ग्लेनिसचा लिंबाचा केक ठेवला, भिंतीवर कोंडवाड्याचा मोठा फोटो लावला आणि लोकांना चिकटवायच्या पिवळ्या चिठ्ठ्या दिल्या. कोंडवाड्याबद्दल मनात येईल ते लिहा म्हणाला. एकूण एक्केचाळीस चिठ्ठ्या आल्या. सतरा कुत्र्यांच्या घाणीबद्दल, नऊ बंद झालेल्या बसबद्दल, पाच फलकाचा रंग हिरवा असावा अशा, सहा तो हिरवा मुळीच नसावा अशा, आणि तीन केकची कृती मागणाऱ्या. उरलेल्या एकीवर कुणीतरी बारीक अक्षरात लिहिलं होतं: "जाऊ दे, झालं गेलं." ती बसबद्दलच्या ढिगात घालावी असं नेव्हिलनं ठरवलं.

मग परवानग्या. कोंडवाडा सरकारी संरक्षित यादीत. तेव्हा त्याच्या शेजारी खांब रोवायला वास्तू अधिकाऱ्याची परवानगी. ते म्हणाले, भिंतीच्या फटींत वटवाघळं नाहीत याचा दाखला आधी आणा. वटवाघळांची बाई म्हणाली, वटवाघळं हिवाळ्यात झोपलेली असतात, त्यांना उठवून विचारता येणार नाही, मे महिन्यात या. रस्ते खातं म्हणालं, फलक वाचायच्या नादात वाहनचालकांचं लक्ष उडेल. नेव्हिलनं कळवलं की गल्ली कोंडवाड्यापाशी संपते, पुढे शेत आहे, आणि तिथं आजवर आलेलं शेवटचं वाहन म्हणजे चुकलेला आइस्क्रीमवाला. त्यावर त्यांनी आइस्क्रीमवाल्याचा तपशील मागवला. चौतीस वर्षं नेव्हिलनं स्वतः लोकांना असेच फॉर्म पाठवले होते, आणि ते लोक फोनवर एवढे का किंचाळायचे हे त्याला आता, निवृत्तीनंतर, उमगलं.

मे महिन्यात भिंतीत एकही वटवाघूळ सापडलं नाही. तेवढ्यात बाकाचं उपटलं.

कोंडवाड्यासमोर एक बाक होता. त्यावर पितळी पट्टी: "एडिथ सटक्लिफ. तिला इथं बसायला आवडायचं." एडिथ गेल्यापासून तिचे यजमान आर्नल्ड सटक्लिफ, वय नव्वद, रोज दहा ते चार त्या बाकावर चहाचा थर्मास घेऊन बसायचे. फलकाचा नकाशा त्यांना दाखवावा म्हणून मिसेस फॉदरगिल गेल्या, आणि पडेल चेहऱ्यानं परत आल्या.

"आर्नल्ड म्हणाला, त्याला काही हरकत नाही."

"अरे देवा," नेव्हिल म्हणाला.

"दोनदा म्हणाला."

संपलंच! ऑसलबीत ज्याची हरकत नसते तो गप्प बसतो. हरकत नाही असं तोंडानं म्हणायची वेळ येते तेव्हा माणसाला रात्रभर झोप लागलेली नसते. फलक बाकाच्या समोरून चार फूट डावीकडे सरकवावा लागला, आणि चार फुटांसाठी सगळे फॉर्म पहिल्यापासून भरावे लागले. वटवाघळांसकट.

अखेर दोन खड्डे खणायचा दिवस उजाडला. संरक्षित वास्तूशेजारी खणायचं तर पुरातत्त्व खात्याचं माणूस हजर लागतं. एक मुलगी शिरस्त्राण घालून आली. तिनं नेव्हिलच्या हातातली कुदळ काढून घेतली आणि चमच्याएवढ्या खुरपीनं माती खरवडायला बसली. दोन तासांनी तिला काहीतरी लागलं. ती पोटावर झोपली, ब्रशनं माती झाडली, आणि आतून निळी नळी निघाली.

"कुठल्याच नकाशात नाही ही!" ती हरखून म्हणाली. "कोणी टाकली असेल?"

नेव्हिलनं टाकली होती. एकोणीसशे अठ्ठ्याऐंशीत, पावसात, घाईघाईत, आणि नकाशावर दाखवायची राहून गेली होती. त्यानं ते कबूल केलं. मग नळीशेजारी लालपांढरी मोजपट्टी धरून त्याला उभं केलं आणि फोटो काढला. पुढे सत्तावीस पानी अहवाल आला. त्यात नळी विसाव्या शतकाच्या उत्तरार्धातली, आणि तिचा कर्ता "हयात, संकोचलेला" अशी नोंद होती. दुसऱ्या खड्ड्यात बिअरच्या बाटलीचं झाकण निघालं. ग्लेनिसचं म्हणणं, तेही नेव्हिलचंच असणार.

एवढ्या धामधुमीत दीडशे शब्द मात्र त्यानं जीव ओतून लिहिले. चौदा मसुदे झाले. काउंटीच्या एका जुन्या निर्देशिकेत ऑसलबीचा कोंडवाडा "हल्ली वापरात नाही" असं त्याला सापडलं होतं, निर्देशिका होती अठराशे नव्वदची, म्हणून शेवटचं वाक्य झालं: "अठराशे नव्वदच्या सुमारास कोंडवाड्याचा वापर थांबला." हा मसुदा त्यानं घरोघर नेऊन दाखवला. आणि आश्चर्य म्हणजे, रंगावरून भांडलेल्या, खांबांच्या उंचीवरून पत्रं पाठवलेल्या त्या गावानं मजकुरावर ब्र काढला नाही. लोक शेवटच्या ओळीपर्यंत यायचे, थांबायचे, एकमेकांकडे बघायचे, आणि म्हणायचे, "छान. फार मेहनत घेतलीस."

मिसेस फॉदरगिल यांनी तर चष्मा काढून त्याच्या दंडावर हात ठेवला. "फार समजुतीनं लिहिलंयस हो, नेव्हिल. आम्हां सगळ्यांना बरं वाटलं."

नेव्हिल तरंगत घरी आला. "समजुतीनं लिहिलंय म्हणाल्या," त्यानं ग्लेनिसला सांगितलं.

"कोंडवाड्यात समजूत कसली?" ग्लेनिस म्हणाली. कधी कधी ती फार रुक्ष बोलायची.

सप्टेंबरात फलक उभा राहिला. उद्घाटनाला सॉसेज रोल होते आणि तीस तारखेला अहवाल द्यायचा होता. नेव्हिल घडीची खुर्ची घेऊन कोंडवाड्याच्या आत बसला. कारण बघणाऱ्याला आपण बघतोय हे कळता कामा नये, असा नियम. मांडीवर वही, हातात सेकंद मोजायचं घड्याळ, आणि भिंतीवरून वर आलेलं अर्धं डोकं. निरखून झालं की त्यानं बाहेर यायचं, अचानक भेटल्यासारखं करायचं आणि फॉर्म पुढे करायचा. नेटल्सची झुडपं पोटऱ्यांना चावत होती. चुकार गुराला कसं वाटत असेल हे आपल्याला आता आतून कळलंय, असं त्यानं वहीत लिहिलं, आणि नंतर ते खोडलं.

पहिल्या दिवशी सहा माणसं आली. फलकापुढे सरासरी चार सेकंद थांबली. मग त्यांना बाकावर आर्नल्ड सटक्लिफ दिसले. आर्नल्ड टोपीला हात लावायचे, काहीतरी म्हणायचे, की लोक वळलेच! पंचवीस मिनिटं, तीस मिनिटं, एक जोडपं तर पंचेचाळीस मिनिटं. हसण्याचे आवाज यायचे. नेव्हिलला भिंतीआडून ऐकू काही यायचं नाही. त्यानं डोकं जरा वर काढलं की आर्नल्डचं बोलणं थांबायचं आणि ते हवापाण्यावर घसरायचे. फॉर्म द्यायला जावं तर लोक म्हणायचे, "फलक? अच्छा, फलक! हो, छान आहे," आणि फॉर्म न भरताच जायचे. गावातल्यांचे बावीस फॉर्म आले, पण ते डॉ. टॅम्सिननी बाद केले, कारण सगळ्यांनी सगळ्या प्रश्नांना "छान" एवढंच उत्तर लिहिलं होतं.

"गावातलं माणूस चालेल, पण उत्तर खरं पाहिजे?" त्या फोनवर म्हणाल्या. "आणि तीस?"

वीस तारखेला नेव्हिलकडे चार फॉर्म होते. वर्षभराच्या अभ्यासाच्या, एकोणपन्नास अर्जांच्या आणि निळ्या हॅटच्या आड एक नव्वदीचा म्हातारा बसला होता. त्याला ऊठ म्हणायचं कसं? नेव्हिलही ऑसलबीचाच. तो बाकाजवळ गेला आणि आभाळाकडे बघत म्हणाला, "हवा गार झालीय, मिस्टर सटक्लिफ. या दिवसांत बाहेर बसणं तसं बाधतंच."

आर्नल्डनी त्याच्याकडे पाहिलं. थर्मासचं झाकण लावलं. "खरंय, पोरा," म्हणाले आणि उठून गेले.

तीन दिवस बाक रिकामा. फलकावर आता निर्वेध लक्ष! लोक आले, बघून गेले. सरासरी सहा सेकंद. एकानं फलकावर नकाशा पसरून दुसऱ्याच गावाचा रस्ता शोधला. एक बाई लीड्सहून मुद्दाम आल्या होत्या. त्यांनी भिंतीवरून डोकावून नेव्हिललाच विचारलं, "ते म्हातारे गृहस्थ कुठं आहेत हो? बहिणीनं सांगितलं, त्यांची गोष्ट ऐकल्याशिवाय येऊ नकोस."

"फलक आहे ना," नेव्हिल म्हणाला.

"हो, तो पाहिला. छान आहे," बाई म्हणाल्या आणि निघून गेल्या.

नेव्हिलला स्वतःचीच लाज वाटली. तो तसाच आर्नल्डच्या घरी गेला. म्हातारा स्वयंपाकघरात कोट घालून खुर्चीत बसला होता, कुठंतरी जायला तयार आणि जायला जागा नसलेला. त्यांनी चहा केला आणि बिस्किटांचा डबा पुढे सरकवला.

"लोक विचारतायत तुम्हांला," नेव्हिल म्हणाला. "तुम्ही सांगता तरी काय त्यांना एवढं?"

"काही नाही रे. गाईची गोष्ट."

"कुठली गाय?"

आर्नल्डनी कप खाली ठेवला. "तुला माहीत नाही?" ते म्हणाले. "देवा रे. तुला खरंच माहीत नाही."

मग त्यांनी सांगितलं. निर्देशिकेत काहीही छापलेलं असो, आर्नल्ड नऊ वर्षांचे असताना कोंडवाडा चांगला चालू होता, आणि त्याचे राखणदार होते एझ्रा क्रॅब्ट्री. दंडातला वाटा राखणदाराला मिळायचा. सटक्लिफांची बर्था नावाची गाय तीनदा कोंडवाड्यात गेली. दर वेळी कुरणाचं फाटक उघडं, आणि लावलं नाही म्हणून आर्नल्डला घरी मार. चौथ्यांदा वडील झुडपाआड लपून बसले. "तिन्हीसांजेला तुझे आजोबा आले. इकडं तिकडं बघितलं. फाटक उघडलं आणि बर्थाला म्हणाले, 'चल बाई.' आणि ती गेली की रे त्यांच्यामागून! तिला सवयच लागली होती."

नेव्हिलनं हातातलं बिस्किट परत डब्यात ठेवलं.

"पॅरिशनं त्यांना काढलं आणि कोंडवाडा बंद केला. पण तुझा बाप माझ्या बाकावर बसायचा शाळेत. त्याचा काय दोष? सगळ्यांनी ठरवलं, पोरासमोर विषय काढायचा नाही. नंतर तू झालास. मग तुझ्यासमोर नाही. मी परक्यांना सांगतो तेही नाव न घेता."

"आणि सगळे मला फाटक लाव, फाटक लाव म्हणतात ते?"

आर्नल्ड जरा अवघडले. "ती आपली एक पद्धत पडली. त्यात वाईट हेतू नव्हता कुणाचा."

"पण मी मसुदा दाखवला तुम्हांला! अठराशे नव्वद लिहिलं होतं त्यात! तुम्ही स्वतः त्या कोंडवाड्यापायी मार खाल्ला होतात, आणि मला म्हणालात छान आहे!"

"मेहनत घेतली होतीस रे. वाटलं, घराण्याचं झाकतोयस. कुणीही झाकेल."

"कुणाकुणाला माहीत आहे हे?"

"कुणाकुणाला म्हणजे..." आर्नल्डनी बिस्किटांच्या डब्याचं झाकण लावलं. "ग्लेनिसला नाही. ती बिचारी बाहेरची."

नेव्हिल मिसेस फॉदरगिल यांच्या दारात गेला आणि ओरडला. ऑसलबीत ओरडायची पद्धत नाही. रस्त्यापलीकडे कुणीतरी खिडकी लावून घेतली, ऐकू येतंय असं त्याला वाटू नये म्हणून.

"एकानं! एवढ्या गावातल्या एकानं तरी तोंड उघडायचं! खांबाच्या स्क्रूवर तुम्ही मला दोन पानी पत्र पाठवलंत, आणि मी पन्नास वर्षांची चूक धातूवर कोरून साऱ्या गावापुढे उभी केली, तर छान?"

"आम्हांला वाटलं तुला माहीत आहे," त्या म्हणाल्या. त्यांचे डोळे भरून आले होते, आणि त्यामुळे नेव्हिलचा संताप आणखीच वाढला, कारण धड ओरडताही येईना. त्या आत गेल्या आणि पातळ कागदात गुंडाळलेल्या वह्या घेऊन आल्या. एकोणीसशे वीस ते चाळीस. ओलीचा डागही नसलेल्या.

"ओलीनं खराब झाल्या होत्या ना?"

"माझ्या सासूबाईही तसंच सांगायच्या," मिसेस फॉदरगिल म्हणाल्या. "तुझ्या वडलांना."

ग्लेनिसला सगळं सांगितलं तेव्हा ती आधी पाच मिनिटं हसली. मग नेव्हिलचा चेहरा पाहून तिनं त्याच्यासमोर खुर्ची ओढली.

"आता काय करणार?"

"फलक बदलायला दहा महिने. अहवालाला सहा दिवस. चुकीचा फलक आहे हे लपवलं तर खोटेपणा, आणि सांगितलं तर आजोबा विद्यापीठात. क्रॅब्ट्रींचं पहिलं नाव विद्यापीठात लागणार ते गाय पळवल्याबद्दल!"

"लपवत आले सगळे ऐंशी वर्षं," ग्लेनिस म्हणाली. "त्यानं काय झालं? एक म्हातारा उठून घरी गेला."

डॉ. टॅम्सिन म्हणाल्या, फलक का चुकला आणि खरं कुणाकडे होतं यावरच प्रकरण लिहा? पण तीस?

दुसऱ्या दिवशी आर्नल्ड बाकावर आले. पायी फिरायला निघालेले दोन तरुण थांबले. आर्नल्डनी बोलायला सुरुवात केली, कोंडवाड्यातून वर आलेलं नेव्हिलचं डोकं पाहिलं आणि म्हणाले, "तर हवा जरा गारच आहे आज."

नेव्हिलच्या संयमाचा कडेलोट झाला. तो तरातरा बाहेर आला. "गाईची गोष्ट सांगा, मिस्टर सटक्लिफ! नावासकट! फाटक उघडणारा माझा आजोबा होता. एझ्रा क्रॅब्ट्री. मी त्याचा नातू. सांगा!"

"तुझी हरकत नसेल तर..." आर्नल्ड म्हणाले.

"आहे!" नेव्हिल ओरडला. "भयंकर हरकत आहे! तरी सांगा!"

म्हाताऱ्यानं सांगितलं. ऐंशी वर्षं दाबून ठेवलेल्या नावासकट, चल बाई या शब्दांसकट, गाईच्या चालीसकट सांगितलं. पोरं पोट धरून हसली आणि नेव्हिलबरोबर फोटो काढून घेतला. फॉर्मही भरले, दोन्ही बाजूंनी. "सर्वांत जास्त काय आवडलं?" या प्रश्नापुढे एकानं लिहिलं, "नातू." पाच दिवसांत बातमी पसरली, आणि एकोणतीस तारखेला दुपारी तीन वाजता नेव्हिलकडे एकोणतीस फॉर्म जमले.

मग माणसं यायची थांबली. सारं गाव चर्चच्या सहलीला व्हिट्बीला गेलेलं. ग्लेनिस घरची, तिचा फॉर्म चालत नव्हता. सकाळी अहवाल द्यायचा होता. साडेतीन झाले. पावणेचार झाले. नेव्हिल कोंडवाड्यातून खुर्ची घेऊन बाहेर आला आणि बाकावर आर्नल्डच्या शेजारी येऊन बसला.

"आण इकडे तो कागद," आर्नल्ड म्हणाले.

"तुम्ही फॉर्म भरत नाही, मिस्टर सटक्लिफ. जनगणनेचाही नाही भरलात."

"आण म्हणतो ना."

या तिसाव्या फॉर्मवर नेव्हिल पास झाला आणि ग्लेनिसची हॅट डब्यातून बाहेर आली, हे इथंच सांगून टाकतो. तो फॉर्म आजही विद्यापीठाच्या ग्रंथालयात अहवालाच्या शेवटी बांधलेला आहे, कुणालाही मागून बघता येतो. पण त्या क्षणी नेव्हिलला यातलं काही ठाऊक नव्हतं. त्याला फक्त पेन्सिलीची कुरकुर ऐकू येत होती. म्हाताऱ्यानं पंधरा मिनिटं घेतली, कागदाची घडी केली आणि त्याच्या हातात दिली.

फलक कसा वाटला? "छान."

नेव्हिलनं कपाळावर हात मारला. संपलं, हाही बाद. त्यानं पुढे वाचलं.

फलकावरून नवीन काय समजलं? "काही नाही. मी तिथं होतो."

काही सुधारणा सुचवाल? "नेव्हिल क्रॅब्ट्रीनं जाता-येता फाटक लावावं."

"हे मात्र अति झालं हं!" नेव्हिल उसळून उभा राहिला. "आता तरी पुरे करा, मिस्टर सटक्लिफ! आजोबांचं आजोबांपाशी! हे माझ्या परीक्षकांनी वाचायचं? मी आत्ता, आत्ता तुमच्यादेखत फाटक लावून..."

त्यानं मागे वळून पाहिलं. कोंडवाड्याचं फाटक सताड उघडं होतं.

तो गेला, फाटक लावलं, कडी नीट बसली की नाही ते हलवून पाहिलं, आणि परत येऊन खिशातलं पेन काढून फॉर्मच्या कोपऱ्यात आकडा घातला. तीस.